चिमामावशी आणि मंडईतला अर्धा ओटा

चिमामावशी, तू गेल्याचं मला बाजार उठल्यावर कळलं.

सकाळी तुझ्या वाडीच्या बायका नेहमीसारख्या माझ्या दारावरून गेल्या. पाट्यांत जांभळं होती. तू त्यांच्यात दिसली नाहीस, पण खोकल्यानं तू बरेच दिवस घरीच होतीस, म्हणून मी काही विचारलं नाही. रखमानं नुसता हात हलवला आणि चालू लागली. परतताना मात्र सगळ्या माझ्या ओसरीवर आल्या. रिकाम्या पाट्या पालथ्या घालून बसल्या. रखमा म्हणाली, "मावशी गेली, बाय. काल दिवस मावळायच्या आत मूठमाती दिली."

मला आधी रागच आला. "आणि सकाळी सांगितलं नाहीत?"

"सकाळी सांगितलं असतं तर तुमी रडला असता, तुमच्यासंगं आमी. बाजार चुकला असता. तिनंच सांगून ठेवलं हुतं. मी मेले तरी जांभळं थांबायची न्हाईत, म्हनली."

मग आम्ही रडलो. बाजार करून, पाट्या रिकाम्या करून, तुझ्या शिस्तीत रडलो. तुला ते आवडलं असतं.

तुझी माझी ओळख एका भांडणातून झाली. लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, तेव्हा नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि तुम्हा वाडीच्या बायकांचा त्या नाण्यांवर काडीचा विश्वास नव्हता. आमचे हे रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. कुरवंड्याची वाट जिथं गावाला मिळते, त्या कोपऱ्यावर आमचं भाड्याचं घर. ओसरीवर शिलाईचं मशीन मांडून मी बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याची बंड्या-परकरांची शिलाई करायची. समोर उंबराचं झाड होतं. करवंदाच्या दिवसांत त्या झाडाखाली चार-पाच माणसं सकाळपासून बिड्या ओढत उभी राहायची. मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघत असतील. ती दलालांची माणसं होती, तुमचीच वाट बघत होती.

तुम्ही नागफणीच्या सुळक्याच्या बाजूनं उतरून यायचात, डोक्यावर पाट्या, पाय धुळीनं माखलेले. अजून गाव लागायचंच असायचं, तेवढ्यात ती माणसं पुढं व्हायची आणि एकेका पाटीला हात लावायची. हात लागला की माल त्याचा. भाव तो सांगेल तो. मंडई दोन हाकांवर होती, पण तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ती पाहिलीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी एकानं तुझी पाटी ओढली आणि ती कलंडली. करवंदं सगळ्या रस्त्यावर पसरली. तो माणूस शिव्या देत दुसरीकडं वळला. तू रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसलीस आणि एकेक करवंद उचलून पदरावर पुसून पाटीत टाकायला लागलीस. मागून मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन एक टांगा आला. टांगेवाला ओरडला, "ए, ऊठ की वाटंतनं!"

तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "तुझ्या घोड्याला पाय चार हायेत, मला हात दोनच. थांब."

तो थांबला. टांग्यातल्या बाई हसायला लागल्या आणि खाली उतरून त्यांनी तुझ्याकडूनच पानभर करवंदं घेतली. किती द्यायचे म्हणून विचारलं, तेव्हा तुला सांगता येईना. तुझ्या मालाचा भाव तुला कुणी विचारलाच नव्हता आजवर. तू माझ्याकडं बघितलंस. मीही नवखीच, पण उठून आले आणि मंडईतला भाव सांगितला. टांगा गेल्यावर तू ती नाणी हातात धरून बसून राहिलीस. मी पाणी दिलं.

"ते हात लावतात, तर नाही म्हणायचं की," मी म्हणाले.

"हात लागला की इकला. तसा कायदा हाय."

"कुणी केला हा कायदा?"

तू थोडा विचार केलास. "ज्यानं हात लावला त्यानंच."

आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर तू अशी हसलीस, की झाडाखालची माणसं वळून बघायला लागली.

पण मावशी, हसण्यावारी नेण्याइतकं ते सोपं नव्हतं, हे मला पुढं कळलं. तीच माणसं पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा, वाडीवर भात पोचवायची. त्यांना दुखवायचं म्हणजे पावसाळा उपाशी काढायचा. तुझ्या वाडीतल्या पुरुषांनी तुला हेच ऐकवलं. तुझा नवरा तर म्हणाला होता, म्हणे, की मंडईत राणी होऊन बसायची हौस असेल तर परत घरी येऊ नको. तू ते मला सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात राग नव्हता. "त्याला भ्या वाटतंय," एवढंच म्हणालीस. "मलाबी वाटतंय. पर माझं भ्या जुनं झालंय."

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सगळ्या एकदम उतरलात. एरवी सुट्या सुट्या यायचात, त्या दिवशी एकीच्या मागे एक, सबंध रांग. मी मशीन थांबवून उभी राहिले. उंबराखालचे लोक पुढं झाले, त्यांनी पाट्यांना हात लावले. तुम्ही थांबलाच नाहीत. एक जण तुझ्या पाटीची कड धरून तुझ्याबरोबर पळायला लागला. "अगं, हात लावलाय मी! थांब!"

"लाव की," तू म्हणालीस. "मी कुटं न्हाई म्हनले? लावून चल माझ्यासंगं मंडईत."

लोक बघत होते. तो लाजून बाजूला झाला.

मी मशीनवर कापड तसंच टाकलं आणि तुमच्या मागून मंडईत आले. तिथं तुमची गाठ ठेकेदाराच्या माणसाशी पडली. त्यानं सांगितलं, ओटे सगळे वाटून झालेत, बसायला जागा नाही. हवं तर गटाराकडेला बसा. तुमच्यातल्या एक-दोघी गटाराकडं वळायलाही लागल्या होत्या. तू त्यांना दटावलंस. मग त्या माणसाला अगदी शांतपणे विचारलंस, "बसायला जागा न्हाई म्हनलास. उबं ऱ्हायाला न्हाई म्हनलायस का?"

तो पावतीपुस्तक चाळायला लागला.

आणि तुम्ही उभ्या राहिलात. मंडईच्या मधल्या मोकळ्या जागेत, डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन. गिऱ्हाईक यायचं, हात उंचावून पाटीतलं करवंद चाखायचं, तुम्ही भाव सांगायचात. बुटक्या बायकांचे हात पोचेनात, तेव्हा माल घ्यायला आलेला एक उंच शीख ड्रायव्हर स्वतःची खरेदी विसरून सगळ्यांना पानावर करवंदं काढून द्यायला लागला. मंडईत अशी गंमत कुणी पाहिली नव्हती. दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या. परत जाताना तुझी मान आखडली होती, ती तुला वळवता येत नव्हती, आणि तशी ताठ मान घेऊनच तू माझ्या ओसरीवर येऊन म्हणालीस, "बाय, मंडई बघितली. लय गलका असतो."

पहिल्या दिवशी ती गंमत होती. पण तुम्ही तो सबंध उन्हाळा उभ्या राहिलात, आणि तिथंच आपलं पहिलं भांडण झालं.

रखमाला तेव्हा दिवस गेलेले. तीही उभी राहायची. एका बाजाराला ऊन चढलं आणि ती पाटीसकट खाली आली. आम्ही तिला सावलीत नेलं, पाणी मारलं. शुद्धीवर आली, पोटातलंही सुखरूप राहिलं. पण मी तुझ्यावर तुटून पडले. म्हणाले, हे काय काम आहे? माणसानं माणसासारखं बसून विकावं. गटाराकडेला तर गटाराकडेला, बसा तरी. तुझ्या हट्टापायी ही पोरगी गेली असती.

रखमाचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. तू म्हणालीस, "एकदा गटाराकडंला बसलो की माझी नातबी तितंच बसंल. मानूस बसतो तितंच ऱ्हातो, बाय."

मी म्हणाले, "आणि ही मेली असती तर?"

तू पदर भिजवून रखमाचं कपाळ पुसत राहिलीस. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, की त्या क्षणी आपण दोघी बरोबर होतो, म्हणूनच ते भांडण मिटलं नाही.

ते मिटवलं तिसऱ्यानंच. औंढ्याचे शंकरभाऊ तुला आठवतात ना, जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, मंडईत वांगी-मिरच्या घेऊन बसायचे? घरची चांगली शेती, गावात शब्दाला मान. रखमा पडली ती त्यांच्या ओट्यापाशी. त्यांनी सगळं ऐकलं. उठले, वांग्यांचा ढीग एका बाजूला सारला, खांद्यावरच्या उपरण्यानं उरलेला ओटा झटकला आणि म्हणाले, "टेका हितं."

शेजारचा म्हणाला, "भाऊ, हे काय? उद्या सगळी वाडी आणून बसवाल."

भाऊ म्हणाले, "उन्हाळ्यात माझा माल अर्धा ओटा भरतो. राहिल्याल्या अर्ध्यावर काय माशा बसवू?"

तू लगेच बसली नाहीस. आधी रखमाला बसवलंस. मग बाकीच्यांना. ओटा भरला, तू उभीच. भाऊंनी आपली मिरचीची टोपली मांडीवर घेतली आणि तुला जागा केली. तेव्हा तू बसलीस. मी तुझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं, तू हसशील. पण तू पदरानं सारखी मान पुसत होतीस आणि त्या दगडी ओट्यावर तळहात टेकून बघत होतीस, एकदा इथं, एकदा तिथं.

भाऊंना त्यापायी त्यांच्या गावात बरंच ऐकावं लागलं. कुणी त्यांच्या बैलगाडीतून माल पाठवेना. ते एकटे गाडी हाकत यायला लागले. आणि पावसाळा आला तेव्हा वाडीवर भात आलं नाही, तुम्हाला भीती होती तसंच झालं. मग भाऊंनीच निरोप धाडला, आवणीला या. त्यांच्या खाचरांत गुडघाभर चिखलात तुम्ही भाताची रोपं लावलीत. तू आधी न्हाईच म्हणालीस, की ओटा दिला म्हणून आता राबवून घेतील. मग तूच गेलीस आणि अटी घालून आलीस. दुपारची भाकरी सावलीत बसून खाणार, लेकुरवाळीला मधे पोराला पाजायला सोडायचं, आणि मजुरी संध्याकाळी हातावर, धान्यात नको. भाऊ मला नंतर सांगत होते, "तुमच्या मावशीनं माझ्याच बांधावर उभं ऱ्हाऊन मला माझ्याच शेताचं कायदं शिकवलं." सांगताना हसत होते. त्या खाचरांत पुढं औंढ्यातल्या बायकांनाही तशाच अटींवर काम मिळायला लागलं, हे तुला ठाऊक होतं का? तू कधी त्याचा उच्चार केला नाहीस.

दुसऱ्या वर्षी भाऊ, तू आणि मी वाडीसाठी ओटा मागायला नगरपालिकेत गेलो. तू तिथल्या खुर्चीत बसायला तयार नव्हतीस, कारण तिला मागं टेकायचं काहीतरी होतं आणि तुला ते अडचणीचं वाटत होतं. नव्या ओळीतले ओटे बांधले तेव्हा त्यातला एक वाडीच्या बायकांना मिळाला. उंबराखालची माणसं हळूहळू कमी झाली. जी उरली ती मंडईत येऊन इतर गिऱ्हाइकांसारखी भाव विचारायला लागली. त्यातल्या एकाला तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "हात लावू नगं. आदी इचार."

इथंच ही गोष्ट संपली असती, तर मला हे लिहायला फार सोपं गेलं असतं. पण मावशी, तू म्हणजे काही देवळातली मूर्ती नव्हतीस.

ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीच्या सखूनं तुझ्याकडं जागा मागितली, त्याची आठवण आजही मला टोचते. तिच्याबरोबर दोघी-तिघी होत्या. पावसाळी खेकडे, ओढ्यातले मासे, कधी मध. त्यांना तर कुणी गटाराकडेलाही बसू देत नव्हतं. सखू तुझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "मावशी, कडंला बसतो."

तू म्हणालीस, "न्हाई. तुमच्या मासळीचा वास माझ्या मालाला लागंल."

मी त्या वेळी ओट्याजवळच होते. सखू गेल्यावर मी तुला म्हणाले, "मावशी, तुलाही असंच कुणी म्हणालं होतं."

"तवाचं येगळं."

"काय वेगळं?"

तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं कधी बघितलं नव्हतंस. "तुला वाटून द्यायला काय जातंय, बाय? तू सावलीत मशीन चालवत बसलीस. उन्हात मान आमची मोडली. रखमा पडली. भात बंद झालं ते आमच्या चुलीचं. आता वटा मिळाला तर तू म्हनतीस, वाट. तुझं काय गेलं?"

ज्यानं सोसलं त्यानंच वाटायचं की नाही ते ठरवावं, हे मला पटतं. आणि ज्यानं सोसलं त्यालाच दुसऱ्याचं सोसणं आधी दिसायला हवं, हेही पटतं. ही दोन्ही वाक्यं मी मनात शेजारी शेजारी ठेवलीत, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस तू माझ्या ओसरीवर टेकली नाहीस. पाटी डोक्यावर घेऊन सरळ पुढं जायचीस. मी मशीन मुद्दाम जोरात चालवायची, म्हणजे तुला कळावं की मी आहे. तू वळून बघायची नाहीस.

मग एका पावसाळी बाजाराला मी मंडईत आले, तर मधल्या मोकळ्या जागेत सखू आणि तिच्या बायका उभ्या होत्या. डोक्यावर पाट्या. वरून पाणी गळत होतं, पाटीतले खेकडे कडेवर नांग्या आपटत होते. त्यांनी तुमचंच बघून ठेवलं होतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू त्यांच्याकडं बघत होतीस. मग तोंड फिरवलंस आणि रानभाजीच्या जुड्या बांधत राहिलीस, बांधलेल्या सोडून पुन्हा बांधत राहिलीस. त्या दिवशी तू काही केलं नाहीस. मी निराश होऊन घरी आले.

पुढच्या बाजाराची हकिगत मला रखमानं सांगितली. तू आल्या आल्या ओट्याच्या एका टोकाला अंग चोरून बसलीस. पाटी मांडीवर ओढलीस. सखू येऊन उभी राहिली, तरी तू मान वर केली नाहीस. बऱ्याच वेळानं म्हणालीस, "का गं, आवतन देऊ का आता? वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस. आन् खेकड्यांच्या नांग्या बांध, माझ्या बोटाला धरलं तर मारीन एकाएकाला."

एवढंच. ती बसली.

त्याच दिवशी परतताना तू माझ्या ओसरीवर टेकलीस. पाणी मागितलंस. पाऊस, शेळी, खोकला, सगळं बोललीस. सखूचं नाव काढलं नाहीस. मीही नाही. तुझं मन कशानं वळलं, ते मला कळलं नाही. तुला पोचवायला गेलेल्यांत सखूही होती आणि परत येताना कुणी तुझा विषय काढला की ती पुढं निघून जायची, असं रखमा म्हणाली. म्हणजे तिलाही काही विचारता येणार नाही.

एक गोष्ट माझ्याकडूनही सांगायची राहिली, मावशी. तू मला म्हणाली होतीस, तुझं काय गेलं. माझं गेलं काहीच नाही, उलट मिळालं. तुम्ही पाट्या घेऊन उंबरावरून पुढं गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी कापडवाल्याचा माणूस माझ्याकडं कापलेल्या बंड्यांचा गठ्ठा टाकायला आला. रोजच्यासारखा. शिलाई किती देणार ते तोच ठरवायचा, आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी विचारलं. तो हसला. मी गठ्ठा परत दिला. दोन महिने काम नव्हतं, आमचे हे काळजीत, सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्या. मग एकेक करत शेजारच्या बायका थेट माझ्याकडं कापड घेऊन आल्या. आज माझ्याकडं दोन मशीनं आहेत, आणि दुसऱ्या मशीनवर बसणारी मुलगी स्वतःची शिलाई स्वतः सांगते. तू दर बाजाराला त्या ओसरीवर बसून पाणी प्यायलीस, पण हे तुझ्यामुळं झालं असं मी तुला कधी सांगितलं नाही. वाटायचं, तू म्हणशील, "मी कुटं काय केलं? मी माझी पाटी घेऊन चालले." तसंच म्हणाली असतीस. तरी सांगायला हवं होतं.

तुझं कार्य झालं त्या दिवशी मी कुरवंड्याला चालत आले. चढण आता मला झेपत नाही, रखमानं हात धरला. तुझ्या अंगणात बायकांचं बोलणं चाललं होतं, आणि खोटं कशाला सांगू, बोलणं तुझ्याबद्दल नव्हतं. रखमाचं म्हणणं, मंडईत आता सगळीकडून माल येतो, भाव पडतो. कार्ल्याला रस्त्यावर एस.टी. थांबतात, लेणी बघायला माणसं येतात, देवीला येतात. तिथं जांभळं नेऊ. काही जणी म्हणत होत्या, इतक्या कष्टानं मिळालेला ओटा सोडून रस्त्यावर कशाला जायचं? तिथं पुन्हा नवे ठेकेदार, नवी भांडणं. सखूची सून म्हणत होती, निम्म्या जणी इथं, निम्म्या तिथं. वाद चांगला तापला होता.

शेवटी रखमा माझ्याकडं वळली. "बाय, तुमीच सांगा. मावशी काय म्हनली असती?"

मी विचार केला. मला तुझा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला, की खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"न्हाई म्हणाली असती," मी म्हणाले.

मग रखमाच्या चेहऱ्यावर हसू आलं, तिनं डोळे पुसले आणि उठून उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "आन् मंग सगळ्यांच्या आदी निघाली असती. चला गं, उद्या कार्ल्याला."